राणीबागेतली झाडं पाहायला जाताना

राणीबागेत वृक्षफेरी घडवणाऱ्या ताईंनी जमिनीवर पडलेलं गुलमोहराचं पान उचललं आणि विचारलं, "माझ्या हातात पानं किती आहेत?"

आम्ही पंधरा-सोळा जण त्यांच्याभोवती अर्धगोल करून उभे होतो. कुणी म्हणालं पाचशे, कुणी हजार. एका शाळकरी मुलीनं तर मोजायलाच सुरुवात केली. ताईंनी तिला थोडा वेळ मोजू दिलं आणि मग सांगितलं, "एक. हे सगळं मिळून एकच पान आहे." खाली झुकलेल्या एका फांदीपाशी नेऊन त्यांनी त्याचा पुरावाही दाखवला. पानाचा देठ डहाळीला जिथे जोडलेला असतो, त्या बेचक्यात एक इवलीशी कळी असते. पुढची फांदी किंवा फुलोरा तिच्यातून फुटतो. गुलमोहराच्या बारीक हिरव्या टिकल्यांच्या बुडाशी अशी कळी कुठेच सापडत नाही. म्हणून त्या टिकल्या म्हणजे पर्णिका, आणि ज्याच्या बुडाशी कळी आहे ते हातभर लांबीचं सगळं मिळून पान. मुलीनं वाकून कळी पाहिली, बोट लावून पाहिलं, मग आईला बोलावून दाखवलं.

एवढी एक खूण हाती आली की पुढच्या दोन-तीन तासांत झाडं वेगळी दिसू लागतात. कडुनिंब, चिंच, बहावा, शिरीष, शेवगा यांची पानं संयुक्त. आंबा, फणस, वड, पिंपळ यांची साधी. आयुष्यभर दारात पाहिलेल्या झाडाकडे आपण किती वरवर पाहत होतो, हे तिथे उभं राहिल्यावर कळतं. माझ्या घरी शरदिनी डहाणूकरांची 'वृक्षगान' आणि 'फुलवा' ही पुस्तकं कधीपासून आहेत आणि मी ती प्रेमानं वाचलेली आहेत. हल्ली मोबाइलनं फोटो काढला की झाडाचं नावही समोर येतं. तरीही जाणत्या माणसाबरोबर झाडाखाली उभं राहण्याला पर्याय नाही, असं माझं आता पक्कं मत झालं आहे. नाव कळलं की आपण पुढे निघतो. ताई मात्र नाव सगळ्यात शेवटी सांगतात. आधी खोडाला हात लावायला लावतात, पडलेलं पान चुरगळून वास घ्यायला सांगतात, मग मान वर करून शेंड्याकडे पाहायला लावतात.

अशा वृक्षफेऱ्या जगभरच्या जुन्या बागांमधून होतात. लंडनच्या क्यू उद्यानात स्वयंसेवक लोकांना बाग दाखवतात, पुण्यात आणि मुंबईत वृक्षप्रेमी मंडळी हौसेनं फेऱ्या काढतात. पण भायखळ्याच्या राणीबागेची गोष्ट मला फार जवळची वाटते. मुंबईतल्या तीन-चार पिढ्यांनी ही बाग पाहिली आहे, आणि त्यातल्या बहुतेकांनी तिथली झाडं पाहिलेलीच नाहीत. आपण हत्ती पाहायला गेलो, आपली मुलं पेंग्विन पाहायला गेली. पिंजऱ्यापासून पिंजऱ्यापर्यंत जाताना डोक्यावर सावली होती, ती कुणाची होती हे कुणी विचारलं नाही.

खरं तर ही जागा आधी झाडांची, मग प्राण्यांची. 'ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया' या संस्थेला 1835 साली शिवडीला बागेसाठी जमीन मिळाली होती. ती जागा पुढे दफनभूमीसाठी गेली आणि बागेला नवी जागा मिळाली ती 'माउंट इस्टेट' ही माझगाव-भायखळ्याची जुनी मिळकत. तेव्हा हा भाग म्हणजे शहराबाहेरची ऐसपैस वस्ती होती, बंगले आणि बागांची. माझगावचे आंबे नावाजलेले होते. तेहतीस एकरांची नवी बाग 19 नोव्हेंबर 1862 रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते खुली झाली. नाव 'व्हिक्टोरिया गार्डन्स'. लोकांनी त्याचं सरळ 'राणीचा बाग' करून टाकलं. 1873 मध्ये सोसायटीनं कारभार सोडला आणि बाग महापालिकेकडे आली. 1890 साली आणखी पंधरा एकर जोडून तिथे प्राणिसंग्रहालयाची सोय झाली, म्हणजे बाग सुरू झाल्यावर अठ्ठावीस वर्षांनी. आज वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान हे तिचं अधिकृत नाव आहे. शेजारचं भाऊ दाजी लाड संग्रहालय 1872 चं.

वनस्पती-उद्यान म्हणून आखलेल्या बागेत झाडं मर्जीनं उगवलेली नसतात. प्रत्येक झाड कुणीतरी कुठूनतरी आणलेलं असतं. आज राणीबागेत तीन हजारांहून अधिक झाडं आहेत आणि त्यांच्या जाती अडीचशेहून जास्त. त्यात आपल्या सह्याद्रीतली आहेत, ब्रह्मदेशातली आहेत, मादागास्करची, आफ्रिकेची, ॲमेझॉनच्या खोऱ्यातली आहेत. एखादं शहर समुद्रमार्गे कुणाकुणाशी जोडलेलं होतं याचा इतका सावलीदार पुरावा दुसरीकडे मिळणं अवघड.

त्या पुराव्यातलं सगळ्यात बलदंड पान म्हणजे गोरखचिंच. आफ्रिकेतला बाओबाब. बुंधा इतका जाड की चार-पाच जणांनी हात धरून फेर धरावा, साल हत्तीच्या कातड्यासारखी करडी आणि सुरकुतलेली. हे झाड वर्षातले कित्येक महिने निष्पर्ण असतं. नवखा माणूस ते वठलं असंच समजतो. पण पावसाच्या सुमाराला हाताच्या पंजासारखी पानं फुटतात, आणि जून-जुलैत लांब देठांवर उलटी लोंबणारी पांढरी फुलं येतात. ती उमलतात संध्याकाळी. अंधारात पांढरा रंग दिसतो, आंबूस वास लांबवर जातो आणि मोठी फळवाघळं येऊन परागीभवन करतात. सकाळच्या फेरीला आपल्या वाट्याला येतात ती खाली पडलेली, कडा तपकिरी झालेली फुलं. ती उचलून हातात घेतली की मधला पुंकेसरांचा झुबका एखाद्या पावडर-पफसारखा लागतो. बाओबाबच्या बुंध्यात पाण्याचा मोठा साठा असतो. लाकूड इतकं मऊ आणि पाणीदार की वयाची वलयं भरवशाची नसतात; म्हणून आफ्रिकेतल्या जुन्या वृक्षांची वयं कार्बन-मापनानं काढावी लागली आणि काही वृक्ष दोन हजार वर्षांहून जुने निघाले. 'ॲडन्सोनिया' हे त्याचं शास्त्रीय नाव सेनेगलमध्ये त्याचा अभ्यास करणाऱ्या मिशेल ॲडन्सन या फ्रेंच निसर्ग-अभ्यासकावरून पडलं. आपल्याकडे ते झाड कुणी आणलं याबद्दल अरब व्यापारी, हबशी सैनिक, पोर्तुगीज अशा अनेकांकडे बोट दाखवलं जातं. वसईच्या किल्ल्यातही ते उभं आहे. पण लोकांनी त्याला नाव दिलं ते गोरखनाथांचं, आणि परदेशी झाड नाथपंथाच्या गोष्टीत जाऊन बसलं. मला यात लोकांच्या मनाचा मोठेपणा दिसतो.

मादागास्करच्या दोन झाडांची जोडी ताई मुद्दाम एकामागोमाग दाखवतात. एक गुलमोहर, जो आता आपण आपलाच मानतो. दुसरं कोलविलिया. पानं जवळजवळ तशीच, म्हणून एरवी कुणी दुसऱ्यांदा पाहत नाही. पण पावसाळा सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला, त्याच्यावर केशरी कळ्यांचे द्राक्षांसारखे भरगच्च घोस येतात. नाव पडलं आहे मॉरिशसचे गव्हर्नर सर चार्ल्स कोलविल यांच्यावरून. हेच कोलविल त्याआधी, 1819 ते 1825 या काळात, मुंबईच्या सैन्याचे सरसेनापती होते. म्हणजे माणूस मुंबईहून मॉरिशसच्या बाजूला गेला आणि त्याच्या नावाचं झाड तिकडून मुंबईत आलं. गुलमोहर आणि कोलविलिया या दोन्हींशी वेन्सेस्लास बोयर या एकाच वनस्पतिशास्त्रज्ञाचं नाव जोडलेलं आहे.

आता उर्वशी. जानेवारीतल्या फेरीला जी गर्दी होते ती हिच्यासाठी, आणि व्हायलाच हवी. फुलोरा हातभर लांबीचा, खाली लोंबणारा. लाल देठांवर एकेक फूल असं तोललेलं की झुंबराला पक्षी बसलेत असं वाटावं. पाकळ्या शेंदरी-लाल, मधल्या मोठ्या पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका. पहिल्यांदा पाहताना घोळक्यातलं बोलणं आपोआप थांबतं.

या झाडाची हकिकत मोठी आहे. कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानाचे प्रमुख नॅथॅनिएल वॉलिच 1827 साली ब्रह्मदेशात साल्वीन नदीच्या काठाने हिंडत होते. मार्ताबानजवळच्या गुहांमध्ये बुद्धमूर्तींपुढे कुणीतरी ओंजळी भरभरून लाल फुलं वाहिलेली त्यांना दिसली. फुलं ओळखीची नव्हती. पुढे एका पडक्या मठाच्या आवारात त्यांना ती झाडं सापडली. गव्हर्नर-जनरलच्या पत्नी लेडी ॲमहर्स्ट आणि त्यांची मुलगी यांना वनस्पतींची आवड होती, म्हणून वॉलिचनी झाडाचं नाव 'ॲमहर्स्टिया नोबिलिस' ठेवलं. त्याच्या वर्णनानं इंग्लंडमधले बागवाले सरदार वेडे झाले. चॅट्सवर्थ या प्रसिद्ध मिळकतीच्या मालकानं, ड्यूक ऑफ डेव्हनशरनं, 1835 मध्ये जॉन गिब्सन नावाच्या आपल्या माळ्याला हिंदुस्थानात धाडलं. परतताना तो उर्वशीचं रोप घेऊन गेला.

रोप जहाजावरून जिवंत नेणं हीच तेव्हा मोठी अडचण होती. खारे वारे, गोड्या पाण्याची टंचाई आणि महिनोन्‌महिने प्रवास, यात बहुतेक रोपं वाटेतच मरत. त्यावर उपाय सापडला तो लंडनच्या नॅथॅनिएल वॉर्ड या डॉक्टरला. काचेच्या बंद बरणीत ओली माती घालून त्यानं एक कोष ठेवला होता. पतंग कधी बाहेर येतो ते त्याला पाहायचं होतं. त्या मातीत नेचा उगवला आणि पाणी न घालताही तगला. बरणीतलंच बाष्प काचेवर जमून परत मातीत उतरत होतं. या तत्त्वावर केलेल्या काचेच्या पेट्या 1833 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जहाजावर चढल्या आणि रोपं सुखरूप पोचली. गिब्सननंही अशाच पेट्या वापरल्या. जगभरच्या बागांत परक्या देशांतली झाडं दिसतात, त्यातल्या असंख्य झाडांच्या मागे वॉर्डची पेटी आहे. एवढं करून इंग्लंडमध्ये उर्वशीचं पहिलं फूल उमललं ते 1849 साली, लंडनजवळ ईलिंग पार्कमध्ये, लुईसा लॉरेन्स या बाईंच्या काचघरात. भायखळ्यात मात्र ती उघड्यावर फुलते आणि आपण तिकीट काढून आत जाऊन तिच्याखाली उभे राहू शकतो. ती शेंगा फार क्वचित धरते. रोपं बहुधा गुटी बांधून करावी लागतात. म्हणजे जुनं झाड गेलं तर जागच्या जागी दुसरं उगवून येईल या भरवशावर राहता येत नाही.

उर्वशीची कोवळी पालवीही पाहण्यासारखी असते. तांबूस-तपकिरी पानांचा झुबका फांदीच्या टोकाशी मलूल लोंबत असतो. एका काकांनी काळजीनं विचारलं, "झाडाला पाणी कमी पडतंय का?" ताईंनी सगळ्यांना सीताअशोकापाशी नेलं. तिथेही तसेच तांबूस, निर्जीव वाटणारे झुबके. दोन्ही झाडं शिंबा कुळातली, एकमेकांच्या नात्यातली. या गटातली कित्येक झाडं आपली पानं आधी लांबीरुंदीला पूर्ण वाढवतात, आणि हरितद्रव्य व ताठरपणा त्यांत मागाहून भरतात. कोवळं पान लोंबतं राहिलं की उन्हाचा मारा कमी लागतो, आणि हिरवेपणाची गुंतवणूक अजून झालेली नसल्यामुळे किड्यानं ते खाल्लं तरी झाडाचं नुकसान कमी. आठ-दहा दिवसांनी आलात तर हीच पानं हिरवीगार आणि ताठ दिसतील, असं ताई म्हणाल्या. मी गेलो. तशीच दिसली.

अशोकाबद्दल जाता जाता सांगायला हवं. इमारतींच्या कुंपणाला उभा लावतात तो शेंड्याकडे निमुळता, लहरी कडांच्या पानांचा वृक्ष हा अशोक नव्हेच. तो सीताफळाच्या कुळातला आहे. खरा सीताअशोक पसरट, दाट सावलीचा. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये त्याच्या जुन्या लाकडावरही नारिंगी फुलांचे गेंद येतात, पिवळट उमलतात आणि लाल होत जातात. त्या फुलांना पाकळ्या नसतात. जे रंगीत दिसतं ते निदल आहे. हे एकदा भिंगातून पाहिलं की विसरत नाही.

भिंगाचं खरं काम पडतं ते कैलाशपतीपाशी. दक्षिण अमेरिकेतलं हे झाड, फुलं थेट बुंध्यातून निघालेल्या लोंबत्या काटक्यांवर, आणि फळं तोफेच्या गोळ्याएवढी. देवळांच्या आवारात ते आपण श्रद्धेनं लावतो, कारण फुलाच्या मध्यभागी पिंडी आणि तिच्यावर धरलेला नागाचा फणा स्पष्ट दिसतो. ताईंनी पडलेलं ताजं फूल तळहातावर घेऊन उलगडून दाखवलं. पिंडीभोवती आखूड पुंकेसरांचं एक कडं असतं. समोर फण्यावर दुसऱ्या तऱ्हेचे पुंकेसर, लांब आणि गुलाबी-पिवळे. या फुलात मध नाही. भुंगा येतो तो परागकण खायला. फण्यावरचे परागकण ही त्याची न्याहारी. त्यातून बी धरत नाही. तो न्याहारीसाठी फणा आणि पिंडी यांच्या फटीत शिरला की खालच्या कड्याचे जिवंत परागकण त्याच्या पाठीला लागतात, आणि पुढच्या फुलात पोचतात. खाण्याचे वेगळे आणि पेरण्याचे वेगळे, असे दोन प्रकारचे पराग एकाच फुलात. आमच्यातल्या एका आजींनी ते फूल दोन्ही हातांत घेऊन कपाळाला लावलं. सगळं ऐकून घेतल्यावर लावलं, हे मला विशेष वाटलं.

कृष्णवडाकडे मुलांना नक्की न्यावं. साध्या वडाचाच हा एक प्रकार, पण पानाच्या बुडाशी नैसर्गिक खिसा असतो, द्रोणासारखा. कृष्णानं त्यात लोणी लपवलं होतं ही कथा मुलांना लगेच पटते. गळलेलं पान हातात घेऊन तो खिसा बोटानं उघडता येतो.

ही सगळी संपत्ती आज आहे ती सहज टिकलेली नाही. 2007 च्या सुमारास या बागेचा कायापालट करून मोठं आंतरराष्ट्रीय दर्जाचं प्राणिसंग्रहालय उभारण्याचा आराखडा पुढे आला, तेव्हा काही मुंबईकरांच्या लक्षात आलं की त्यात शेकडो झाडांचं काय होणार हे कुणी विचारात घेतलेलं नाही. त्यांनी बाग वाचवायची समिती केली, झाडं ओळखली, मोजली, नोंदवली, आणि लोकांना बागेत फिरवून दाखवायला सुरुवात केली. इथली वृक्षफेरी या धडपडीचा भाग आहे. आराखडा मूळ रूपात झाला नाही. जे नावानिशी ओळखीचं आहे त्याच्यासाठी माणूस भांडतो. 'तिथली काही झाडं' जाणार म्हटलं तर कुणी हलत नाही. 'उर्वशी' जाणार म्हटलं की माणसं उठून येतात.

धोका आजही वेगळ्या रूपांत आहेच. एका जुन्या झाडाच्या बुंध्याला लागून लाद्या बसवलेल्या मी याच शहरातल्या एका बागेत पाहिल्या. मुळांना पाणी लागतं तसा श्वासही लागतो, आणि अन्न-पाणी शोषणारी बारीक मुळं बहुतांशी मातीच्या वरच्या थरात, फांद्यांच्या घेराबाहेरपर्यंत पसरलेली असतात. तिथे काँक्रीट ओतलं की झाड लगेच मरत नाही. काही वर्षांनी वादळात पडतं, आणि दोष वाऱ्याला जातो. नियमित फेरीला येणाऱ्या माणसांना असे बदल आधी दिसतात: वाळकी फांदी, बुंध्यावरची भूछत्रं, ठोकलेला खिळा. फेरीचा हा उपयोग मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

म्हणून एकदा जाऊन समाधान मानू नका. झाड आपलं सगळं एका दिवशी दाखवत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत उर्वशी आणि पांगारा, मार्चमध्ये सीताअशोक, एप्रिल-मेमध्ये बहावा आणि ताम्हण, पाऊस लागला की गोरखचिंच, गणपती-नवरात्राच्या आसपास कोलविलिया, दिवाळीच्या सुमाराला सातवीण आणि बुचाची फुलं. चार ऋतूंत चार फेऱ्या केल्या तरी बाग थोडी आपली होते. जाताना एक भिंग, एक वही आणि पाण्याची बाटली एवढं पुरे. फूल-पान तोडायचं नाही. खाली पडलेलं मात्र मनसोक्त उचलून पाहायचं. घरातली म्हातारी माणसं बरोबर घ्या, झाडांची जुनी नावं आणि उपयोग त्यांच्याकडूनच कळतात. आणि लहान मुलांना पेंग्विन आधी दाखवून टाका, म्हणजे नंतर ती झाडाखाली स्वस्थ थांबतात.

बाग भायखळा स्थानकापासून पूर्वेला, चालत जाण्याच्या अंतरावर आहे. बुधवारी ती बंद असते.